बैलाचा सोमवार

सुलतानाच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत ती पुण्याबाहेर तीनदा गेली होती आणि तीनही वेळा कुणाच्या तरी मयतीला. त्यामुळे १९७८ सालच्या कॅलेंडरात एक मे सोमवारी येतोय हे दिसल्याबरोबर तिने त्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल केला आणि कुणाला काही न बोलता कामाला लागली. शनिवारी नवऱ्याची, सलीमची, कचेरी अर्धा दिवस, रविवार हक्काचा, सोमवारी महाराष्ट्र दिनाची सुट्टी. अडीच दिवस सलग. एवढ्या वेळात माणसं काश्मीर बघून येतात, असं तिने सलीमला सांगितलं. सलीम म्हणाला, काश्मीरला जायला लागतील त्याहून जास्त दिवस तुला मला राजी करायला लागतील. त्याला राजी व्हायला एक संध्याकाळ लागली.

जायचं कुठे हे ठरलेलंच होतं. सलीम ज्या सरकारी कचेरीत टायपिस्ट होता, तिथला शिपाई कोंडीराम मुळशीकडचा. धरणाच्या पाण्याला लागून त्याचं गाव. भाऊसाहेब, वहिनींना घेऊन एकदा आमच्याकडं या, मासे खा, आंबेमोहोराचा भात खा, असा त्याने दोन वर्षं लकडा लावला होता. त्याला स्वतःला एक मेच्या झेंडावंदनाची ड्यूटी होती. पण घरी आई आक्काबाई होती, बायको अनुसया होती. त्या दोघी सगळं बघतील असं सांगून त्याने गावी निरोपही धाडून टाकला.

राहिला प्रश्न जायचं कसं. एस.टी. जात होती. पण सुलतानाच्या डोक्यात एस.टी. नव्हती, मामूंची गाडी होती.

मामू म्हणजे सलीमचे मामा, अलाउद्दीन. रेल्वेतून रिटायर झाल्यावर त्यांनी कॅम्पातल्या एका पारशी डॉक्टरकडून क्रीम रंगाची हेराल्ड गाडी घेतली होती. तीन वर्षांत ती दोनदा ईदगाहला आणि एकदा पेट्रोल भरायला गेली होती. मामू रोज सकाळी ती पाच मिनिटं चालू करत, मान तिरकी करून इंजिन ऐकत, बंद करत, मलमलच्या जुन्या ओढणीने पुसत आणि तिच्यावर शिंप्याकडून मापाने शिवून घेतलेला खाकी गिलाफ चढवत. नाना पेठेतल्या त्या गल्लीत अशी लहान पोरं होती, जी त्या गिलाफालाच गाडी समजत.

सुलताना मामूंकडे गेली, पण गाडी मागायला गेलीच नाही. तिने नुसती इंजिनाची चौकशी केली. मेकॅनिकने मामूंना सांगितलं होतं की गाडी अशी उभी राहिली तर इंजिन जाम होईल, तिला लांबची हवा लागायला हवी. हे सुलतानाला ठाऊक होतं. ती हळहळली, चहा प्यायली आणि निघून आली. दुसऱ्या दिवशी परत जाऊन हळहळली. तिसऱ्या दिवशी मामूच म्हणाले, "सलीमला म्हणावं, मुळशीपर्यंत फिरवून आण. चाळीसच्या वर नको. स्टिअरिंगच्या चाकावर त्याच्याशिवाय कुणाचा हात नको. आणि दगडावर घालू नको."

दगडाचं त्यांनी निघेपर्यंत सात वेळा सांगितलं. पण खरी अट वेगळी होती. सोमवारी चारच्या आत गाडी दारात हवी होती. त्या दिवशी साडेपाचच्या रेल्वेने रहिमतपूरचे पाहुणे यायचे होते, मामूंच्या मुलीला, अमिनाला, बघायला. अमिना शाळेत शिकवायची. तिची दोन स्थळं आधी फिसकटली होती आणि या पाहुण्यांना स्टेशनवरून गाडीतूनच आणायचं, असं मामूंनी मध्यस्थाला कबूल केलं होतं.

"मी आणते वेळेवर. माझी जबाबदारी," सुलताना म्हणाली.

निघताना अमिना दारापर्यंत आली. सुलतानाच्या हातात खजुराचा डबा देऊन ती हळूच म्हणाली, "भाभी, उशीर करू नका. त्यांचा फोटो मी गणिताच्या पुस्तकात ठेवलाय." सुलतानाने तिचा हात दाबला.

शनिवारी दुपारी गाडी निघाली आणि सुलतानाने खिडकीची काच जी खाली केली, ती परत वर केलीच नाही. भूगाव गेलं, पिरंगुट गेलं, पौडला उभ्याने चहा झाला. वाटेत दिसेल ते ती सलीमला दाखवत होती. तो बघ बगळा, ती बघ करवंदाची जाळी, ती बघ म्हैस. म्हैस नाना पेठेतही होती, असं सलीम म्हणाला. पण या म्हशीच्या मागे डोंगर होता, आणि सुलतानाच्या मते त्याने म्हशीत फरक पडत होता. मग एका वळणावर झाडं बाजूला झाली आणि खाली धरणाचं पाणी दिसलं. निळंशार, डोंगरांच्या मांडीत पसरलेलं. चार वर्षांत पहिल्यांदा तिला बोलायला काही सुचलं नाही. सलीमने घाबरून गाडी थांबवली.

आक्काबाईने त्यांची सोय अशी केली होती की सुलतानाला लाजल्यासारखं झालं. शेणाने सारवलेली पडवी, बुद्धाच्या तसबिरीखाली नवीन घोंगडी, माठात वाळा घातलेलं पाणी. कोंबडी तिने मुद्दाम जिवंत ठेवली होती. "तुमची रीत ऱ्हाती," असं म्हणून तिने ती सलीमच्या हातात दिली. सलीमने जन्मात टाइपरायटरशिवाय कशावर हात चालवला नव्हता. त्याने कोंबडीकडे बघितलं, कोंबडीने त्याच्याकडे बघितलं आणि त्याची पकड सैल झाली. मग सगळ्यांनी मासे खाल्ले. कोंबडी दोन दिवस पडवीत सलीमच्या आसपासच फिरत राहिली.

रविवारी सुलतानाने करवंदं खाल्ली, पाण्यात पाय सोडून बसली, तांदळाची भाकरी थापायला शिकली आणि दोन मोडल्या. चार वाजता तिला फोटोची आठवण झाली. शेजारणीकडून तिने कॅमेरा मागून आणला होता. गाडी, नवरा आणि मागे धरणाचं पाणी, असा एक फोटो तिला हवा होता. घराच्या अंगणातून पाणी लांब दिसत होतं.

"गाडी जरा खाली घेऊ या ना," ती म्हणाली.

सलीमने खाली बघितलं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरतं आणि पाण्याच्या कडेची गाळाची जमीन उघडी पडते. समोर अशी दोन-तीन एकर सपाट जमीन पसरली होती. वरून वाळलेली, भेगाळलेली, करड्या रंगाची. तिच्यावरून बैलगाडीच्या चाकांचे दोन माग सरळ पाण्यापर्यंत गेले होते. सलीम खाली उतरला आणि पन्नास पावलं चालून आला. तिथे एकही दगड नव्हता.

"मामूंना आवडली असती अशी जागा," तो म्हणाला.

गाडी पाण्यापासून वीस हातांवर जाऊन थांबली. कुणी अडवलं नाही, कारण पाण्यावर धुणं धूत असलेल्या अनुसयाला वाटलं, पुण्याच्या माणसांच्या गाड्या गाळातही चालत असतील. सुलतानाने फोटो काढायला सुरुवात केली. एकात सलीम दाराला टेकून. एकात टपावर हात ठेवून. मग अनुसयाला कॅमेरा देऊन दोघांचा. मग सुलताना एकटी, गॉगल लावून. आठवा फोटो काढताना अनुसया कॅमेऱ्याआडून म्हणाली, "भाऊसाहेब, गाडी बसली व्हय?"

गाडी बसली होती. चाकं अर्धी दिसत नव्हती. सलीमने घाईघाईने इंजिन चालू केलं आणि जोर दिला. चाकं जागच्या जागी गरगर फिरली, क्रीम रंगाच्या दारांवर काळ्या गाळाचा सडा पडला आणि गाडी आणखी चार बोटं खाली गेली. ढकलून बघितलं. जेवढं ढकलावं तेवढं ढकलणाराच रुतत होता. बैल लागणार हे उघड होतं, पण गावातले झाडून सगळे बैल लग्नाच्या वऱ्हाडाला गेले होते आणि रात्री परतायचे होते. सकाळी बघू, असं आक्काबाई म्हणाली. सुलतानाने मनात तास मोजले. सकाळी काढली, धुतली, दुपारी निघालो तरी चारला पोचतो. तिने चार घास जास्तच खाल्ले.

सकाळी दात घासत घासत हैबतराव आले. आक्काबाईचे चाळीस वर्षांचे शेजारी, झुपकेदार मिशा, डोक्याला पटका. त्यांनी कडुनिंबाची काडी चावत गाडीला एक फेरी घातली. सलीमने हात जोडून बैलांचं विचारलं.

"आज सोमवार," हैबतराव म्हणाले.

"हो, सुट्टी आहे. महाराष्ट्र दिन."

"बैलालाबी सुट्टीच हाय. म्हादेवाचा वार. सोमवारी आमी त्याच्या मानंवर जू ठेवत न्हाई. आज्यानं ठेवलं न्हाई, बापानं ठेवलं न्हाई."

सुलतानाने विचारलं, निदान ऊन उतरल्यावर चालेल का. हैबतरावांनी तिला समजावून सांगितलं की सोमवार संध्याकाळीही सोमवारच असतो. उद्या तांबडं फुटायच्या आत मात्र ते गाडी फुलासारखी उचलून देणार होते.

सुलतानाने आक्काबाईला कोपऱ्यात घेतलं. गोठ्यात तुमचा बैल बांधलेला दिसतोय, तुम्हीही सोमवार पाळता का, असं विचारलं.

"छ्या, आमच्या ढवळ्याला कुटला सोमवार," आक्काबाई म्हणाली. "आमी त्यो कवाच सोडला. पर जोडीतला पवळ्या हैबतरावाचा. त्याला सोमवार हाय."

भानगड अशी होती की आक्काबाईकडे एकच बैल होता आणि हैबतरावांकडेही एकच. दोघांनी मिळून जोडी केली होती. नांगराला, गाडीला, वऱ्हाडाला, सगळीकडे ढवळ्या-पवळ्या बरोबरच जायचे. गावात याला वारंगुळा म्हणत. आठवड्याचे सहा दिवस हा वारंगुळा बिनतक्रार चाले. सातव्या दिवशी अर्धी जोडी कामाला मोकळी असे आणि अर्धी उपासाला असल्यासारखी उभी राही.

"म्हणजे आपली गाडी अर्धीच निघणार," सलीम म्हणाला. सुलतानाने त्याच्याकडे असं बघितलं की तो कोंबडीशेजारी जाऊन बसला.

गावातले बाकीचे बैलही सोमवारचेच होते. ट्रॅक्टर पौडला एकाकडे होता, पण सुट्टीमुळे तो सासुरवाडीला गेला होता, ट्रॅक्टर घेऊन. अकरा वाजले. सुलताना गाळातून चालत गाडीपाशी गेली आणि दारावरचा गाळ पदराने पुसायला लागली. तिला ती मलमलची ओढणी आठवत होती. हैबतराव बांधावर बसून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की एवढी काय निकड आहे.

तिने सगळं सांगितलं. साडेपाचची रेल्वे, स्टेशनावर ताटकळणारे पाहुणे, दोन फिसकटलेली स्थळं, आणि ही गाडी आपणच गोड बोलून काढून आणली हेसुद्धा.

"पोरीला पसंत हाय का स्थळ?"

"फोटो गणिताच्या पुस्तकात ठेवलाय तिनं."

हैबतरावांनी काडी या गालातून त्या गालात सरकवली. मग म्हणाले, "माझ्या थोरलीच्या टायमाला पाव्हणं पौडाच्या ष्टँडावर दोन तास बसलं आन् परत गेलं. माझ्या गाडीचं चाक मोडलं व्हतं." ते उठले. काडी फेकली, डोक्याचा पटका काढून अनुसयाच्या हातात दिला, धोतर खोचलं. "आक्काबाई, ढवळ्याला आण. जू आण. दोरखंड आण."

"आन् दुसऱ्या अंगाला?" आक्काबाईने विचारलं.

"दुसऱ्या अंगाला मी. सोमवार बैलाला हाय. मला कुटं हाय?"

पुढचा दीड तास त्या गावाने कधी बघितला नव्हता असा गेला. चाकांपुढचा गाळ उकरून त्यात पेंढा आणि बाभळीच्या फांद्या घातल्या. दोरखंड गाडीखाली बांधला. जुवाच्या एका बाजूला ढवळ्या आणि एका बाजूला हैबतराव उभे राहिले. ढवळ्याने नव्या जोडीदाराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एक पाऊल बाजूला सरकला. मागे सलीम, अनुसया आणि गावातली मिळतील ती माणसं ढकलायला. आत बसून स्टिअरिंग सरळ धरायला कुणीतरी हलकं माणूस हवं होतं. सगळ्यांनी सुलतानाकडे बघितलं.

"मामूंनी सांगितलंय..." सलीम म्हणायला लागला.

"मामूंनी दगडाचंही सांगितलं होतं," म्हणत ती आत बसली. तिने चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. काचेतून तिला एक बैलाची पाठ दिसत होती आणि एक माणसाची.

चाबूक आक्काबाईच्या हातात होता. चाळीस वर्षांच्या शेजारात हैबतरावांना हाकायची संधी तिला पहिल्यांदाच मिळाली होती. "हुर्र, चला," ती म्हणाली. "दोघंबी नीट चाला. उजवा ढिला पडतोय."

उजवे हैबतराव होते. त्यांनी दात-ओठ खाऊन मान आणखी पुढे घातली. पहिल्या ओढीला गाडी हलली नाही. दुसऱ्या ओढीला करकरली. तिसऱ्या ओढीला गाळातून मोठा चुबुक असा आवाज आला आणि गाडी पेंढ्यावर चढली, फांद्यांवरून धडधडत कोरड्या बांधाला लागली. ढकलणारे सगळे एकदम पालथे पडले. सलीम उठला तेव्हा कमरेपर्यंत काळा होता आणि बाकीचा ठिपक्यांचा. गाडीत सुलताना हसत होती की रडत होती, हे तिलाही सांगता आलं नसतं. हैबतराव जुवातून बाहेर आले, मिशा पुसल्या आणि ढवळ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पवळ्यापरीस बरा हाय चालायला. आमचं जमलं असतं."

गाडी निघाली, पण इंजिनात गेलेला गाळ निपटून ती चालू व्हायलाच चार वाजत आले. धुवायला वेळ नव्हता. चारला तर दारात पोचायचं होतं, ते गावाच्या वेशीतच वाजले. घरी जाऊन मग स्टेशन गाठणंही जमणार नव्हतं. सलीमने मामूंचा चाळीसचा काटा त्या दिवशी कितीवर नेला हे त्याने नंतरही कधी सांगितलं नाही. गाडी सरळ पुणे स्टेशनवर जाऊन थांबली तेव्हा पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि बाहेर दोघे पाहुणे क्रीम रंगाची गाडी शोधत उभे होते. रफीक, म्हणजे फोटोतला मुलगा, आणि त्याचे वडील दस्तगीरचाचा मुलाणी, पांढरा नेहरू शर्ट, पांढरी टोपी.

सुलतानाने केसातला पेंढा काढत सलाम केला. दस्तगीरचाचांनी गाडी बघितली, सलीमची विजार बघितली, आणि दार उघडलं. गाळाचं एक ढेकूळ त्यांच्या शर्टावर पडलं. सलीमने डोळे मिटले. चाचांनी ढेकूळ उचललं, बोटांत चुरलं, नाकाशी नेलं.

"गाळ हाय ह्यो. कुटला?"

"मुळशीच्या धरणाचा," सलीम मेल्या आवाजात म्हणाला.

"सोनं हाय," चाचा म्हणाले. त्यानंतर नाना पेठेपर्यंत त्यांनी दुसरं काही विचारलंच नाही. तिथे गहू घेतात की हरभरा, पाणी कधी ओसरतं, खताची गरज लागते का. सलीमला यातलं काही माहीत नव्हतं. सुलताना मागून बेधडक उत्तरं देत होती. दोन दिवस ती आक्काबाईच्या चुलीपाशी उगीच बसली नव्हती.

मामू अत्तर लावून दारात उभे होते. त्यांनी गल्लीत शिरलेली गाडी बघितली आणि तिच्यामागून आपली गाडी येतेय का, हे बघायला मान लांब केली. मागून काही आलं नाही. मग त्यांना ओळख पटली आणि त्यांनी दाराची चौकट धरली. पाहुण्यांसमोर बोलता येत नव्हतं. सुलताना मान खाली घालून त्यांच्या बाजूने आत सरकली आणि स्वयंपाकघरात अमिनाला मिठी मारून उभी राहिली. आता हेही स्थळ गेलं, आणि आपल्यामुळे गेलं, हे तिने मनात पक्कं केलं होतं.

चहा झाला. अमिना बाहेर येऊन गेली. रफीकने बशीत चहा ओतला तो निम्मा गालिच्यावर. मग दस्तगीरचाचांनी घसा साफ केला.

"खरं सांगू का पाव्हणं, मी नको म्हणायलाच आलो व्हतो. मध्यस्थ म्हणाला, लई भारी गाडी हाय, तिला गिलाफ हाय, रोज मलमलनं पुसत्यात. आमची म्हातारी म्हणाली, असल्या घरची पोरगी आपल्या दारातला चार महिन्यांचा चिखल बघून दुसऱ्या दिवशी माघारी जाईल. पर स्टेशनावर तुमची गाडी बघितली आन् जीव भांड्यात पडला. जी माणसं असली गाडी खुशाल गाळात घालत्यात, त्यांच्या पोरीला आमचा चिखल काय करणार?"

मामूंनी एकदा खिडकीतून गाडीकडे बघितलं, एकदा अमिना गेली त्या पडद्याकडे.

"आमची गाडी नेहमी अशीच असते," मामू म्हणाले.

पाहुणे मिठाई खाऊन, तारीख ठरवून गेले. तीन आठवड्यांनी मंगनी, तेव्हा रहिमतपूरची बायकामाणसं घर बघायला येणार. सलीम ताबडतोब बादली आणि फडकं घेऊन बाहेर पळाला.

"हात लावू नकोस," मामू दारातून म्हणाले.

त्यांनी गिलाफ आणला आणि नवी पालवी झाकावी इतक्या हलक्या हाताने तो गाळावर चढवला. दुसऱ्या सकाळपासून इंजिन पाच मिनिटं चालू व्हायचं थांबलं, कारण थरथरीने चिखल गळायचा. तरी मे महिन्याच्या उन्हात तो सुकलाच. आठवड्याभरात पापुद्रे सुटायला लागले. मामू खाली पडलेले तुकडे गोळा करून एका डब्यात ठेवत होते, पण ते परत चिकटेनात.

त्याच सुमारास फोटो धुऊन आले. सुलतानाने मामूंना हैबतरावांची गोष्ट सांगितली होती, फोटोंची नव्हती, आणि ते लपवायला ती विसरली. मामूंनी चष्मा लावला आणि आठही फोटो टेबलावर ओळीने मांडले. पहिल्यात चाकं पुरी होती. दुसऱ्यात थोडी कमी. पाचव्यात पाऊण. आठव्यात गॉगल लावलेली सुलताना हसत होती आणि चाकं अर्धीच उरली होती. मामू पुन्हा पहिल्यापासून बघत गेले. सुलताना उभ्या उभ्या पदराचं टोक पिळत होती.

मग त्यांनी खिशातून किल्ली काढली. सलीम हात पुढे करून उभा होता, पण ती त्यांनी सुलतानाच्या हातावर ठेवली.

"शनिवारी जा, रविवारी परत या. सोमवारी त्या हैबतरावांना त्रास नको." त्यांनी चौथ्या फोटोवर बोट ठेवलं. "इतकाच चिखल. याच्या खाली जाऊ देऊ नकोस. आणि सुलताना..."

"काय, मामू?"

"दगडावर घालू नको."